मार्गारेट आणि मंजरी एकाच नावाची रूपं मानावीत का?
(चर्चेत टोपणनावांनी : अनुस्वार, तळटीप, सायंतारा, पानगळ)

अनुस्वार
नावांच्या याद्यांत ‘मार्गारेट : ग्रीक, अर्थ मोती’ एवढीच नोंद असते आणि शोध तिथेच थांबतो. मला हे पटत नाही, कारण ‘मार्गारितेस’ हा शब्द मुळात ग्रीकांचा नव्हेच. थिओफ्रास्टस हा अ‍ॅरिस्टॉटलचा शिष्य. त्याने रत्नांवरच्या लेखनात हा शब्द वापरला आहे आणि मोती भारतात सापडतात असं तिथेच नोंदवलं आहे. वस्तू पूर्वेकडून गेली आणि तिच्याबरोबर शब्दही गेला. फारसीत मोत्याला ‘मरवारीद’ म्हणतात आणि इराणात हे मुलीचं नावही आहे. संस्कृत कोशांत ‘मंजरी’चे मोहोर, तुरा हे अर्थ आहेतच, शिवाय मोती हाही अर्थ दिलेला आहे. व्युत्पत्तीच्या अभ्यासकांनी हे शब्द एकमेकांशेजारी ठेवले आहेत. मग मंजरी ही मार्गारेटची बहीण का म्हणू नये?

तळटीप
मरवारीदपर्यंत मी तुमच्याबरोबर आहे. मंजरीपाशी मात्र थांबतो. ‘मंज’मधला अनुनासिक आणि ‘मार्ग’मधला र् यांचा मेळ कसा घालणार? दुसरं म्हणजे, मोती हा मंजरीचा अर्थ कोशकारांच्या यादीत आहे. काव्यात मात्र मोत्याला मुक्ता, मौक्तिक म्हणतात. इराणी बाजूने तर या शब्दाची वेगळीच फोड मांडली गेली आहे आणि तीत मंजरीची गरजच पडत नाही. शेजारी ठेवलेले शब्द म्हणजे सिद्ध झालेलं नातं नव्हे.

सायंतारा
तुम्ही दोघंही शब्दाबद्दल भांडताय. नावाचा प्रवास त्याहून वेगळा असतो. युरोपात हे नाव मोत्यामुळे पसरलं नाही, अँटिओकच्या संत मार्गारेटमुळे पसरलं. आख्यायिका अशी की तिला एका अजगरासारख्या राक्षसाने गिळलं आणि ती त्याचं पोट फोडून सुखरूप बाहेर आली. म्हणून बाळंतपणात स्त्रिया तिचा धावा करू लागल्या. बाळंतपणात बाईचा जीव जाणं नेहमीचंच होतं, त्या काळात मुलीला हे नाव ठेवण्यामागे केवढी आर्त इच्छा असेल! पुढे राण्यांनी नावाला प्रतिष्ठा दिली : 1093 साली वारलेली स्कॉटलंडची मार्गारेट, डेन्मार्क, नॉर्वे आणि स्वीडन यांना एका छत्राखाली आणणाऱ्या 1397 च्या काल्मार संघामागची डेन्मार्कची मार्ग्रेथे. 1969 मध्ये रोमन कॅथलिक चर्चने अँटिओकच्या संतेला संतांच्या स्मरणदिनांच्या सार्वत्रिक दिनदर्शिकेतून वगळलं, पण नाव काही मागे हटलं नाही. आणि हे बघा, पूर्वेकडच्या चर्चमध्ये हीच संत ‘मरीना’ म्हणून पूजली जाते, म्हणजे समुद्राची. बाई तीच आणि नाव पूर्ण वेगळं. त्यामुळे ज्या स्त्रीच्या आठवणीने नाव ठेवलं गेलं, तिच्यापासून रूपं मोजावीत. मंजरी त्या वंशात नाही.

अनुस्वार
सायंतारा, तुमचा मुद्दा मोठा आहे, पण तो माझ्याच बाजूने वळतो. फ्रेंचमध्ये ‘मार्गरीत’ हे नाव आहे आणि एका फुलाचंही तेच नाव आहे. त्या फुलाला इंग्रजीत डेझी म्हणतात, म्हणून मार्गारेटांना लाडाने डेझी म्हणायची पद्धत पडली. 2024 पर्यंत डेन्मार्कच्या गादीवर असलेल्या राणी दुसऱ्या मार्ग्रेथे घरात डेझीच. डेझी आणि मार्गारेटमध्ये ध्वनीचं काडीचंही साम्य नाही, संतेशीही त्या फुलाचा संबंध नाही. तरी आपण डेझीला या कुटुंबात घेतो. मग मोती आणि फूल दोन्ही अर्थ सांभाळणाऱ्या मंजरीलाच दार बंद का?

पानगळ
डेझीला घेतो, कारण मार्गारेट नावाच्या मुलींना प्रत्यक्षात डेझी म्हणून हाक मारली गेली. मंजरी नावाच्या मुलीला कुणी मार्गारेट म्हटलेलं नाही. हाक हाच माझ्या लेखी पुरावा. त्या कसोटीवर बाकीची मंडळी बघा : जर्मन ग्रेटा आणि ग्रेटचेन, डॅनिश मेटे, स्वीडिश मेर्ता, आयरिश मरेड, चेक मार्केता, पोलिश माउगोजाता आणि तिचं लाडकं रूप गोशा. मेगन वेल्समध्ये ‘मेग’ या मार्गारेटच्या छोट्या रूपापासून घडलं. मेगची पेगी झाली ती मॉलीची पॉली झाली तशीच. रीटा तर शेपटीचा तुकडा. इटलीतल्या काशाच्या संत रीटाचं मूळ नाव मार्गेरीता होतं. यातली बरीचशी रूपं कानाला परकी वाटतात, तरी प्रत्येकीमागे हाकेची साखळी आहे.

अनुस्वार
हाकेची कसोटी लावली तर मरवारीदही बाहेर जाते, आणि तिला तर तळटीप यांनी मान्य केलंय. शब्दाचं नातं आणि हाकेचं नातं ही दोन वेगळी नाती आहेत, दोन्ही खरी. याद्यांमध्ये फक्त दुसरं दिसतं आणि पूर्वेचा वाटा पुसला जातो, हे मला खुपतं.

तळटीप
पूर्वेचा वाटा लिहायलाच हवा, ‘ग्रीक’पुढे ‘बहुधा इराणी शब्दावरून’ असं छापा, मी आनंदाने सही करीन. मंजरीसाठी मात्र मला कोशाबाहेरचं एक तरी जुनं वाक्य दाखवा, ज्यात ती शिंपल्यातून निघते.