पेमेंट रिपोर्टमधल्या सारख्या रकमा आपोआप रंगवाव्यात की नाही?

खतावणी:
आमच्या वर्कशॉपचं पेमेंट खातं अ‍ॅक्सेसमध्ये (मायक्रोसॉफ्टचा डेटाबेस प्रोग्रॅम) आहे, महिन्याला चारेकशे ओळींचा रिपोर्ट निघतो. मार्चमध्ये मशीन दुरुस्तीवाल्या कंपनीचं ४७,२०० चं बिल दोनदा गेलं, एक नोंद पान ३ वर, दुसरी पान ११ वर, तिघांच्या सह्या झाल्या आणि कुणालाच दिसलं नाही. पैसे परत आले पण माझी झोप उडाली होती. तेव्हापासून कंडिशनल फॉरमॅटिंग (अट जुळली की आपोआप रंग) लावलंय, तीच रक्कम परत आली की दोन्ही ओळी पिवळ्या. माझं म्हणणं, हे सगळीकडे सक्तीचंच करा. आठ पानांमागची रक्कम कोण लक्षात ठेवणार?

ऑडिटवाली:
मला नाही पटत. भाडं, सिक्युरिटी, एएमसी (वार्षिक देखभाल करार) यांची रक्कम दर महिन्याला तीच असते, तिमाहीचा रिपोर्ट काढा, अर्धं पान पिवळं होतं आणि मग पिवळ्याकडे कुणी बघतच नाही. आणि तुमचंच बिल घ्या ना, ४०,००० वर १८ टक्के जीएसटी म्हणजे ४७,२००. दुसऱ्यांदा कुणी ४०,००० वर २ टक्के टीडीएस (पैसे देतानाच कापायचा आयकर) कापून ४६,४०० टाकले असते तर? बिल तेच, रंग नाही. वर सही करणारा म्हणणार, पांढरं आहे म्हणजे बरोबर आहे. मला भीती त्याची वाटते.

खतावणी:
टीडीएसचा मुद्दा मान्य, तो माझ्या डोक्यात नव्हता. बिल नंबरवर जुळवून बघितलं होतं, पण एकजण ०४५ टाकतो, दुसरा नुसतं ४५, तिसरा पुढे वर्ष जोडतो, म्हणून रकमेवर आलो. आता अट अशी करतो, पार्टी तीच, तारखेत ४५ दिवसांच्या आतलं अंतर आणि रकमेत २ टक्क्यांपर्यंत फरक चालेल. ४६,४०० त्यात सापडतं.

क्वेरीवाला:
रंगवा, पण अटीत डीकाउंट (अ‍ॅक्सेसचं ओळी मोजणारं फंक्शन) लिहू नका, ते प्रत्येक ओळीला टेबल परत मोजत बसतं, चारशे ओळींना चालून जाईल, वीस हजारांना रिपोर्ट उघडेपर्यंत चहा होतो. मोजणी क्वेरीतच (रिपोर्टला डेटा काढून देणारी आज्ञा) करा, आकडा रिपोर्टात लपवलेल्या टेक्स्टबॉक्सात आणा, रंगाची अट त्याच्यावर लावा. आणि हेच एक्सेलमध्ये खाते नंबरवर करणार असाल तर सांभाळून, तिथे आकडा १५ अंकांपर्यंतच नीट धरला जातो. १६ अंकी खाते नंबर टेक्स्ट म्हणून ठेवले तरी काउंटइफ (एक्सेलचं मोजणीचं फंक्शन) त्यांना आकडेच समजतं, मग फक्त शेवटचा अंक वेगळा असलेली दोन खाती एकच ठरतात. तिथे समप्रॉडक्ट या दुसऱ्या फंक्शनने तुलना करा.

आणखी एक, प्रिंट काळ्या-पांढऱ्यात निघत असेल तर पिवळा जेमतेम दिसतो. अक्षर ठळक करा.

ऑडिटवाली:
तरी माझं मत तेच. संशयित नोंदींची यादी वेगळी काढा, पेमेंटच्या आधी, ग्रुप बाय करून (क्वेरीत सारख्या नोंदी एकत्र मोजून) एकापेक्षा जास्त आलेल्या तेवढ्याच. पैसे गेल्यावर ओळ रंगवून काय मिळालं?

खतावणी:
ताई, वेगळी यादी आमच्याकडे सहा महिने निघत होती, कुणी उघडली नाही. सहीवाल्याच्या हातात जो कागद असतो त्यावरच दिसलं पाहिजे. पेमेंटच्या आधी हे मात्र शंभर टक्के बरोबर, आता ड्राफ्टवरच लावलंय. आज ६ ओळी पिवळ्या निघाल्या, ४ भाड्याच्या, उरलेल्या दोन्हींची मूळ बिलं मागवलीत, येईपर्यंत चेक थांबवलाय.