पेरणीचा दिवस तुम्ही कशावरून ठरवता? अनुभव लिहा

2025 साली मान्सून 24 मे रोजी केरळात आणि 26 मे रोजी मुंबईत पोचला. मुंबईची नेहमीची तारीख 11 जून. वाहिन्यांवर दिवसभर ‘मान्सून आला’ चालू होतं. त्याच दिवसांत कृषी विभाग सांगत होता, 75 ते 100 मिलिमीटर पाऊस पडल्याशिवाय पेरू नका. पण ती बातमी कोपऱ्यात गेली. पुढे जूनच्या पहिल्या पंधरवड्यात मान्सून अडून बसला आणि ज्यांनी घाई केली त्यांच्या जिवाला घोर लागला.

आमच्याकडची जुनी माणसं रोहिणीच्या पावसावर मशागत करतात, पेरत नाहीत. मृग लागला, पावशा ‘पेर्ते व्हा’ ओरडला, तरी वाफसा, म्हणजे मातीत पेरण्याजोगी ओल, बघितल्याशिवाय तिफण बाहेर काढत नाहीत. माझाही विश्वास त्यावरच आहे. बातमी राज्याची असते, पेरायचं आपल्या बांधाच्या आत असतं. तुमच्याकडे काय बघतात ते सविस्तर लिहा.

लातूर, कोरडवाहू सोयाबीन
आमचे आबा पेरणीआधी शेतात तीन-चार ठिकाणी खुरप्यानं उकरायचे. वरची ओल फसवी असते, वीतभर खाली हाताला गारवा लागला पाहिजे. मग मूठभर माती दाबायची. गोळा झाला आणि अंगठा लावताच फुटला, तर वाफसा. हाताला चिकटली तर थांबायचं, मूठ उघडताच भुगा झाला तरी थांबायचं. मी आजही हेच करतो. भावकीतल्या एकानं मेच्या पावसावर पेरलं. मोड आले आणि उघडीप पडली, कोवळं रोप उन्हानं करपलं. बियाणं, खत, ट्रॅक्टरचं भाडं, सगळं दोनदा. दुबार पेरणीचा खर्च टीव्हीवाले देत नाहीत, तो सावकाराकडूनच येतो.

सोलापूर
आमची ज्वारी रब्बीची. पडतील स्वाती तर पिकतील माणिक मोती, ही म्हण आमच्या काळ्या रानात खरी ठरताना पाहिली आहे.

पालघर, कोळीवाडा
शेती नाही, पण लिहिते. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद. 1 ऑगस्टला बातमी येते, बोटी निघाल्या. आमचे मामा नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिल्याशिवाय बोट सोडत नाहीत. 2023 साली पौर्णिमा 30 ऑगस्टला होती, तरी ते थांबले. वारा पडला का, पाण्याचा गढूळपणा गेला का, हे रोज सकाळी बंदरावर जाऊन बघायचे.

रायगड, सुपारीची बाग
मी थोडं वेगळं सांगतो. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ आमच्यावर आलं. हवामान खातं आणि बातम्या आधीपासून सांगत होत्या. वाडीतले जाणते म्हणत होते, वादळं इकडे वळत नाहीत. त्यांनी आयुष्यभर तेच पाहिलं होतं, त्यांना दोष देणार नाही. पण श्रीवर्धनकडच्या नारळी-पोफळी आडव्या झाल्या, आणि पोफळ लावल्यावर धरायला वर्षं जातात. किनाऱ्यावरची माणसं वेळेत हलवली म्हणून वाचली. ओल हातानं कळते, समुद्रातलं वादळ उपग्रहालाच आधी दिसतं. म्हणून मी वाहिनी सोडून थेट हवामान खात्याचं पत्रक वाचतो.

हिंगोली
रायगडच्या दादांचं पटलं. बियाण्याबाबत मात्र मी सासूबाईंचं ऐकते. दरवर्षी ‘बियाण्याचा तुटवडा’ अशी बातमी येते आणि दुकानापुढे रांगा लागतात. आम्ही घरचंच ठेवतो. शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटावर ओळीत मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, रोज पाणी शिंपडायचं. आठवडाभरात मोड मोजायचे. सत्तर किंवा जास्त आले तर बिनधास्त पेरा, थोडे कमी आले तर बियाणं वाढवा. आणि पोती उचलताना आदळू नका, सोयाबीनचं साल फार पातळ असतं.