जुनी फोर बाय फोर घेताना

रोजच्या वापराला गैरसोयीची म्हणून जुनी फोर बाय फोर (चारही चाकांना इंजिनची ताकद देता येणारी गाडी) घेऊच नका, हा सल्ला पटत नाही. गैरसोय अंगवळणी पडते, गंजलेली चॅसी (गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा) नाही. गाडी लिफ्टवर घेऊन मागच्या स्प्रिंगच्या हँगरपाशी, म्हणजे स्प्रिंग चॅसीला जोडलेली असते तिथे, हातोडीने ठोकून बघा. खणखणीत न वाजता बद्द वाजली तर व्यवहार सोडा. डिफरन्शियलचं (वळताना डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरच्या डब्याचं) ऑइल बोटावर घ्या. दुधाळ असेल तर आत पाणी शिरलंय, बेअरिंगंही खराब झालेली असू शकतात. लो रेंज (कमी वेगात जास्त जोर देणारा फोर बाय फोरचा गिअर) टाकून बघाच, पण मातीवर. पुढच्या-मागच्या चाकांमध्ये हेच काम करणारं सेंटर डिफरन्शियल नसेल तर डांबरीवर वळताना पुढच्या-मागच्या चाकांच्या वेगातल्या फरकाचा ताण ट्रान्सफर केसवर (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरच्या डब्यावर) आणि शाफ्टवर येतो. याच कारणाने चारही टायर एकाच मापाचे, सारखेच झिजलेले हवेत.