मदत हवी आहे: 'नुन्सिओ' आणि 'अपोस्टोलिक डेलिगेट' यांना मराठीत काय म्हणता?

मंडळी, तुर्कस्तान आणि व्हॅटिकनच्या संबंधांवर छोटा लेख लिहितेय आणि दोन शब्दांवर गाडी अडलीय.

अँजेलो रोंकाल्ली (पुढे पोप झालेले २३वे जॉन) १९३५ ते १९४४ इस्तंबूलला होते, पण 'नुन्सिओ' (म्हणजे सरकारदरबारी पोपचा अधिकृत राजदूत) म्हणून नव्हे. व्हॅटिकनचे तुर्कस्तानशी राजनैतिक संबंधच नव्हते, म्हणून ते नुसते 'अपोस्टोलिक डेलिगेट'. म्हणजे तिथल्या चर्चकडे पाहणारे, सरकारदरबारी राजदूताचा मान नसलेले. त्यातच धार्मिक पोशाखात बाहेर फिरायला सरकारची बंदी! बिशप असून साधा कोट-पँट घालून रस्त्यावर. मला तर हेच चित्र सगळ्यात आवडलं. पुढे १९६० साली, ते पोप असतानाच, हे संबंध जुळले.

आता अडचण अशी की दोन्हींना 'पोपचे राजदूत' लिहिलं तर सगळी गंमतच जाते. 'नुन्सिओ'ला 'राजदूत' चालेल, पण दुसऱ्याला? 'प्रतिनिधी' फारच मोघम वाटतं, 'धर्मदूत' म्हटलं की मिशनरी डोळ्यापुढे येतो.

वसईकडच्या चर्चमध्ये मराठीत काय म्हणतात? कुणी जाणकार सांगेल का? रविवारी लेख द्यायचाय.