सोचितेकात्ल टेकडी आणि ‘सुफलनाचे पूजास्थान’ हा शिक्का

प्रश्न :
मेक्सिकोतील त्लास्काला राज्यात काकाश्त्लाची भित्तिचित्रे पाहिल्यावर शेजारच्या सोचितेकात्लच्या टेकडीवर गेलो होतो. ‘हे स्त्रीच्या सुफलनाचे पूजास्थान’ एवढे सांगून वाटाड्या पुढे निघाला. मला तेथे एकही भव्य देवीमूर्ती दिसली नाही. मग हा निष्कर्ष कशावरून काढला असावा?

प्रतिसाद १ :
मुख्य आधार मृण्मूर्तींचा आहे. १९९०च्या दशकात पुरातत्त्वज्ञ मारी कार्मेन सेरा पुचे यांच्या नेतृत्वाखाली उत्खनन झाले, तेव्हा ‘फुलांचा पिरॅमिड’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वास्तूच्या पायऱ्यांवर अशा शेकडो मूर्ती सापडल्या आणि त्यांत स्त्रियांच्या मूर्ती फार मोठ्या प्रमाणात होत्या. काहींच्या पोटाशी कोनाड्यासारखी पोकळी असून तिच्यात चिमुकले बाळ बसवलेले आहे. मात्र त्यांच्याच जोडीला कडेवर मूल घेतलेल्या स्त्रिया आहेत, वृद्धा आहेत आणि भलेमोठे शिरोभूषण घालून आसनावर बसलेल्या मानकरणीही आहेत. त्यामुळे ‘सुफलन’ हा शब्द मला तोकडा वाटतो. आसनावरची ती बाई काही बाळंतपणासाठी बसलेली नाही. त्याच पिरॅमिडमध्ये लहान मुलांची दफनेही मिळाली, ज्यांचा उल्लेख वाटाड्ये सहसा टाळतात.

प्रतिसाद २ :
वरील मताशी सहमत आहे, पण काळाचा फरकही ध्यानात घ्यावा. येथील पहिली वस्ती ख्रिस्तपूर्व पहिल्या सहस्रकातली. ती पुढे ओस पडली, आणि संशोधक त्याचा संबंध पोपोकातेपेत्ल ज्वालामुखीच्या उद्रेकाशी जोडतात. इ. स. ६५०च्या सुमारास टेकडी पुन्हा गजबजली आणि वर उल्लेखलेल्या मूर्तींपैकी बहुतेक या दुसऱ्या पर्वातल्या आहेत. गोलाकार ‘सर्पिल वास्तू’ मात्र पहिल्या पर्वातली असल्यामुळे, त्या मूर्तींची साक्ष तिला लावता येणार नाही.

प्रश्नकर्ता :
आभारी आहे. त्या गोल वास्तूला पायऱ्याच नाहीत, हे पाहून मी बुचकळ्यात पडलो होतो. पूर्वेकडे दिसणाऱ्या मालिंचे पर्वताचा या साऱ्याशी काही संबंध आहे का?

प्रतिसाद १ :
नावापुरता तरी आहे. नाहुआत्ल भाषेत त्या पर्वताला ‘मात्लालकुएये’, म्हणजे निळ्या-हिरव्या घागऱ्याची, असे म्हणत आणि त्लास्कालाचे लोक तिला पर्जन्यदेवता मानत. पण ही माहिती स्पॅनिश आक्रमणाच्या काळातील नोंदींवरून मिळते, म्हणजे टेकडीवरील दुसरे पर्व संपल्यानंतर काही शतकांनी. ती जशीच्या तशी मागे नेऊन त्या मृण्मूर्तींना चिकटवण्याचे धाडस मी करणार नाही.