ग्लॅडियस, स्पाथा, स्कुटम : मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : रोमन सैन्यात आखूड ग्लॅडियसच्या जागी लांब स्पाथा कशी आली आणि ढाल कशी बदलली, यावरच्या एका लेखाचा अनुवाद करतोय. ग्लॅडियस आणि स्पाथा, दोन्हींना 'तलवार' म्हटलं तर चालेल का?

उत्तर : नका म्हणू, लेखाचा मुद्दाच हरवेल. मात्र लॅटिनमध्ये ग्लॅडियस म्हणजे कुठलीही तलवार. उत्तरकालीन रोमन लेखक व्हेजेशियससुद्धा 'मोठे ग्लॅडियस, ज्यांना स्पाथा म्हणतात' असंच लिहितो. शब्द टिकला, आखूड पातं गेलं.

पॉम्पेई या रोमन शहरात सापडलेली ग्लॅडियसची पाती पन्नास सेंटिमीटरच्या आसपास आहेत. स्कुटम या उंच, वाकदार ढालीआडून भोसकायला तेवढी पुरत. स्पाथा आधी घोडेस्वारांची, कारण खोगिरावरून खालच्या माणसापर्यंत पोचायला लांबी हवी. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या अखेरीपासून ती पायदळाच्या कमरेलाही आली. 'शत्रू बदलला म्हणून शस्त्र बदललं' एवढ्यावर मात्र थांबू नका, लढायची तऱ्हाही बघा. भाले रोखून रांग धरायची, तर पन्हळीसारखी वाकलेली ढाल अडचणीची होते. अंडाकृती, जवळजवळ सपाट ढाल त्याला सोयीची, शिवाय फळ्या जोडून करायलाही सोपी. सीरियात ड्युरा-युरोपसला दोन्ही तऱ्हेच्या ढाली मिळाल्या. इराणच्या सासानी फौजेने इ.स. 256 च्या सुमारास ते शहर घेतलं. तिथल्या वाकदार ढालीत लाकडाच्या पातळ पट्ट्या थरावर थर चिकटवल्या आहेत, वर गरुड आणि सिंह रंगवलेत. काय मेहनत असेल एकेका ढालीची!

गंमत म्हणजे ढालीचा आकार बदलला तरी स्कुटम हा शब्दही टिकला. शिशाचं वजन लावलेले पाच फेकबाण सैनिक स्कुटममध्ये खोचून नेत, असं व्हेजेशियस सांगतो.

स्पाथा मूळची ग्रीक. मागावर बाण्याचे धागे ठोकून बसवायची चपटी लाकडी पट्टी म्हणजे स्पाथे. केकवाल्यांचा स्पॅचुला त्याच घरातला.

प्रश्नकर्ता : मग स्पाथाला 'धोप' लिहू? आणि नव्या ढालीला 'फरी'?

उत्तर : धोपेचा मोह मलाही होतो, तीही लांब आणि सरळ. पण शब्दाबरोबर मराठेशाही येते आणि वाचक ऱ्हाईनकाठी न जाता सिंहगडावर पोचतो. फरी तर फारच लहान. 'आखूड तलवार', 'लांब तलवार', 'वाकदार ढाल', 'अंडाकृती ढाल' असं लिहा आणि पहिल्यांदा येईल तिथे लॅटिन नाव द्या.

आणखी एक वाचक (गोवा) : स्कुटमचं पोर्तुगीज रूप एस्कुदो. 1961 च्या आधीची शेवटची दोन-तीन वर्षं आमच्याकडे हेच चलन होतं. म्हणजे आजी बाजारात 'ढाली' मोजत होती.