सरीनसारखं विष एन्झाइमने फोडता येतं, मग उपचार अजून ॲट्रोपिनचाच का?

तन्मयी:
बायोकेमिस्ट्रीचं तिसरं वर्ष. सरीन हे मज्जासंस्थेवर हल्ला करणारं रासायनिक अस्त्र. ते ॲसिटिलकोलीनएस्टरेजला, म्हणजे मज्जातंतूंचा संदेश वेळेत थांबवणाऱ्या आपल्या एन्झाइमला, जखडून टाकतं, हे शिकले. पण काही जिवाणूंमधलं एन्झाइम सरीनलाच फोडतं असंही वाचलं. मग रुग्णाला तेच का टोचत नाहीत? आणि माणसाने बनवलेलं विष पचवणारं एन्झाइम जिवाणूंकडे आलं कुठून?

पिवळाथेंब:
दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण मी त्याच एन्झाइमवर काम करतो, फॉस्फोट्रायएस्टरेजवर. १९७३ मध्ये फिलिपिन्सच्या भात संशोधन संस्थेत सेतुनाथन आणि योशिदा यांना डायझिनॉन हे कीटकनाशक फवारलेल्या भातखाचरात फ्लॅव्होबॅक्टेरियम नावाचा एक जिवाणू सापडला. तो डायझिनॉन फोडत होता, पॅराथिऑन हे दुसरं कीटकनाशकही. ही कीटकनाशकं आणि सरीन एकाच ऑर्गॅनोफॉस्फेट कुळातली. या एन्झाइमचा जनुक प्लाझ्मिडवर, म्हणजे जिवाणूतल्या डीएनएच्या सुट्या कड्यावर असतो, त्यामुळे तो एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतो.

आमच्याकडे सरीन नसतं, असूही नये. त्याऐवजी आम्ही पॅराऑक्सॉन हे त्याच कुळातलं रसायन वापरतो. क्युव्हेटमधलं, म्हणजे छोट्या पारदर्शक नळीतलं, बिनरंगी द्रावण एन्झाइमचा किंचितसा अंश पडताच पिवळं होऊ लागतं. तो रंग सुटलेल्या नायट्रोफेनॉलचा. ४०५ नॅनोमीटरच्या प्रकाशात शोषणाची रेघ अशी चढते की बघतच राहावं! एन्झाइमचा एक रेणू सेकंदाला हजारो रेणू फोडतो, तेही पोटातल्या जस्ताच्या दोन आयनांच्या जोरावर.

रात्रपाळी:
मी अतिदक्षता विभागात काम करते. रुग्ण येतो तोवर विष ॲसिटिलकोलीनएस्टरेजला चिकटलेलं असतं. रक्तात सोडलेलं एन्झाइम मोकळं विष फोडेल, चिकटलेलं सोडवणार नाही. सोडवायला प्रॅलिडॉक्सिम हे औषध द्यायचं, तेही वेळेत. सरीनमध्ये काही तास हाताशी असतात, सोमन या तशाच दुसऱ्या विषात मोजकी मिनिटं. मग तो बंध कायमचा होतो. ॲट्रोपिन श्वासनलिकेतला स्राव आटवतं, म्हणून ते आधी.

शिवाय जिवाणूचं प्रथिन शरीराला परकं. माणसाच्या रक्तातलंच ब्युटिरिलकोलीनएस्टरेज हे एन्झाइम आधीच टोचून ठेवण्यावर बरंच काम झालंय, पण ते विष फोडत बसत नाही, एकास एक पकडतं आणि स्वतः निकामी होतं. सरीनचं रेणुभार १४०, या प्रथिनाच्या एका उपघटकाचं सुमारे ८५,०००. म्हणजे १ मिलिग्रॅम सरीनसाठी ६०० मिलिग्रॅम प्रथिन!

तन्मयी:
म्हणजे खरा उपयोग शरीराबाहेरच? कपडे, यंत्रं धुवायला?

पिवळाथेंब:
सध्या तरी तिथेच मला जास्त आशा वाटते. ब्लीच धातू आणि कातडी खातं, एन्झाइम साध्या पाण्यात काम करतं. मात्र सरीन फुटताना आम्ल तयार होतं. आम्लता आवरणारा बफर कमी पडला की पीएच घसरतो आणि एन्झाइम मध्येच थांबतं.

याहून अवघड गोष्ट वेगळी आहे. सरीनची एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमेसारखी दोन रूपं असतात, त्यातलं एक कितीतरी जास्त घातक. मूळ एन्झाइम नेमकं कमी घातक रूप आधी फोडतं! टेक्सास ए अँड एम विद्यापीठात फ्रँक राउशेल यांच्या गटाने मोजकी अमिनो आम्लं बदलून ही आवड उलटवली. व्हीएक्स या आणखी एका रासायनिक अस्त्रात तोडायचा असतो फॉस्फरस-गंधक बंध, तिथे मूळ एन्झाइम फार हळू चालतं.

म्हणून पेपर वाचताना नुसता वेग बघू नका. पॅराऑक्सॉनला अशी दोन रूपं नसतातच, त्यामुळे पिवळ्या रंगावरून घातक रूप संपलं की नाही हे कळत नाही. कुठलं रूप मोजलंय, ते आधी शोधा.